जुन्या स्वेटरांचं कळीदार जाकीट

थंडी सुरू झाली की माळ्यावरचं स्वेटरांचं गाठोडं खाली येतं आणि संक्रांत उलटली की त्यातलं निम्मं न वापरताच पुन्हा वर जातं. एकाची कोपरं विरलेली असतात, एक गरम पाण्यात पडून आटलेला असतो, एक कुणीतरी हौसेनं दिलेला पण अंगाला न शोभणारा पोपटी असतो. एखादा शाळेचा असतो, खिशावर बिल्ला शिवलेला, आणि त्याचा मालक आता नोकरीला लागलेला असतो. बोहारीण जरीची साडी उलटून-पालटून बघते, पण स्वेटरावर चमचाही द्यायला तयार नसते. असे पाच-सहा स्वेटर घरात असतील आणि शिवणयंत्र चालवता येत असेल, तर त्यांतून एक बिनबाह्यांचं, कमरेखाली कळ्यांनी घेर आलेलं रंगीत जाकीट शिवून होतं. कुर्त्यावर, जीन्सवर आणि थोडं धाडस असेल तर साडीवरही ते चालतं.

बिनबाह्यांचं अशासाठी की आपली थंडी सकाळ-संध्याकाळची. नाशिक-पुण्यात पहाटे हुडहुडी भरते आणि दुपारी बारा वाजता तोच स्वेटर हातावर टाकून फिरावं लागतं. जाकीट दिवसभर अंगावर राहू शकतं. शिवाय बाही आणि मुंढा हा शिवणकामातला सर्वांत कटकटीचा भाग, तो आपोआप टळतो. टोरांटो किंवा लंडनच्या वाचकांना बाह्या हव्याच असतील, तर वरच्या भागासाठी घेतलेल्या स्वेटरच्या बाह्या कापूच नयेत. बाकी कृती तीच.

जुन्या स्वेटरांचे तुकडे जोडून असे झगे शिवण्याची कल्पना जगभर गाजवली ती अमेरिकेतल्या न्यूयॉर्क राज्यात राहणाऱ्या कॅट ओ'सलिव्हन यांनी. ‘कॅटवाइज’ या नावानं त्या ओळखल्या जातात. त्यांचे कोट पायघोळ, टोकदार टोपीचे, परीकथेतून उचलून आणल्यासारखे असतात. तसा कोट घालून पुण्याच्या लक्ष्मी रोडवर फिरायची तयारी असेल तर जरूर शिवा. मी इथं सांगतेय तो प्रकार त्याच कुळातला, पण आपल्या हवेला आणि आपल्या कपाटाला झेपेल असा.

रंग सगळ्यात शेवटी

हे काम हातात घेतलं की प्रत्येकजण पहिल्यांदा रंग जुळवायला बसतो. तो मोह बाजूला ठेवा. जाकीट चांगलं बसेल की पोतेऱ्यासारखं लोंबेल हे तीन गोष्टींवर ठरतं: धागा कशाचा आहे, वीण किती जाड आहे आणि ती किती ताणली जाते. या तीन चाळण्यांतून जे स्वेटर खाली उतरतील, त्यांच्यातच रंग जुळवायचे.

आधी धागा. महाराष्ट्रात मिळणारे बहुतेक स्वेटर अ‍ॅक्रिलिकचे असतात, लुधियानाहून आलेले. थंडीत गावोगाव तंबू लावणाऱ्या तिबेटी विक्रेत्यांकडचा मालही बराचसा तिथलाच. आपल्या आया ज्याला कॅश्मिलॉन म्हणायच्या तो हाच धागा. खरी लोकर क्वचित असते: जुना काश्मिरी किंवा हिमाचली स्वेटर, परदेशातून कुणी आणलेला, आजोबांचा ‘प्युअर वूल’चं लेबल असलेला. लेबल नसेल तर जाळून बघायचं. विणीतलाच दोन इंचाचा धागा घ्या, शिवणीतला दोरा नको. शिवणीचा दोरा वेगळ्याच जातीचा असू शकतो. धागा चिमट्यात धरा, खाली पाण्याची वाटी ठेवा आणि टोकाला काडी लावा. लोकर ज्योतीपासून आक्रसून मागं सरते, रेंगाळत जळते, केस जळल्यासारखा वास येतो, ज्योत दूर केली की बहुधा आपणहून विझते आणि राख बोटांत चुरली जाते. अ‍ॅक्रिलिक भसकन पेटतं, वितळतं, काळा धूर सोडतं आणि थंड झाल्यावर टोकाला टणक काळा मणी उरतो. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ करडी राख म्हणजे सूत. मिश्र धाग्यात दोन्ही खुणा सापडतात; त्याला अ‍ॅक्रिलिकच समजून वागावं.

ही उठाठेव करायची ती दोन कारणांनी. लोकर आणि अ‍ॅक्रिलिक एका कपड्यात आले तर धुताना लोकर आटते, अ‍ॅक्रिलिक आटत नाही, आणि शिवणी चुण्या पडून ओढल्या जातात. दुसरं कारण इस्त्रीचं. लोकरीवर ओलं फडकं ठेवून वाफेची इस्त्री फिरवली की लहरी पडलेली शिवण पुन्हा सपाट बसते. अ‍ॅक्रिलिकला वाफ दाखवली की त्याची उसळी कायमची जाते, कापड लुळं पडतं, आणि इस्त्री जास्त तापली तर चिकटतंही. म्हणून दोन ढीग करा आणि एका जाकिटासाठी एकाच ढिगातून घ्या. घरात लोकरीचे पुरेसे स्वेटर निघाले नाहीत तर खंत करू नका. अ‍ॅक्रिलिकचे रंग झळझळीत असतात, ते अंगाला टोचत नाही आणि त्याला कसरही सहसा लागत नाही.

एका कामाला मात्र लोकरच लागते. खरी लोकर गरम पाण्यात साबणासह चोळली की तिच्या तंतूंवरचे खवले एकमेकांत अडकतात, कापड आटतं, जाड होतं आणि विणीचे टाके दिसेनासे होतात. तो नमदाच म्हणायचा. असं आटवलेलं कापड कुठंही कापा, धागा सुटत नाही, त्यामुळे कडा शिवायचीही गरज राहत नाही. घरात चुकून आटलेला लोकरी स्वेटर असेल तर तो टाकाऊ समजू नका. टोपी, हातमोजे, पट्टा, खिसा यांसाठी त्याच्यासारखं कापड नाही. मुद्दाम आटवायचा असेल तर सोसवेल इतक्या गरम पाण्यात साबण घालून चोळत राहा, मध्ये एकदा गार पाण्यात बुडवा, पुन्हा गरम. ‘मशीन वॉशेबल’ लिहिलेली लोकर यातून जात नाही, कारण तिचे खवले कारखान्यातच बोथट केलेले असतात.

दुसरी चाळणी जाडीची. पट्टी ठेवून एका इंचात आडवे किती टाके येतात ते मोजा. कारखान्यातल्या बारीक स्वेटरमध्ये दहा-बारा किंवा जास्त येतात, जाड्याभरड्या स्वेटरमध्ये पाच-सहा. शेजारी-शेजारी येणाऱ्या कापडांत दोन-तीन टाक्यांपेक्षा जास्त फरक नको. जाड तुकड्याला बारीक तुकडा जोडला की जाड तुकडा बारक्याला खाली ओढतो आणि शिवण नागमोडी होते.

तिसरी चाळणी ताणाची. कापडावर चार इंचांवर दोन पिना लावा आणि आडवं ताणा. पाच इंचांपर्यंत आलं तर कमी ताणाचं, सहाच्या पुढं गेलं तर फार. सोडल्यावर पुन्हा चार इंचांवर आलं नाही, तर तो स्वेटर या कामाचा नाही, मग त्याचा रंग कितीही गोड असो. वरच्या भागाला, म्हणजे छाती-पाठीला, सर्वांत घट्ट विणीचा आणि कमी ताणाचा स्वेटर हवा, कारण खालच्या सगळ्या कळ्यांचं वजन त्याच्या खांद्यांवर येणार आहे. कळ्या त्याच्याइतक्या किंवा त्याहून हलक्या. कटिंग झाल्यावर सगळे तुकडे स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवून बघा. किलोच्या आत राहिलं तर जाकीट अंगावर सुखानं राहील. त्यापुढं गेलं तर उंची कमी करा.

निवडण्याच्या या कामाला कमी लेखू नका. पानिपत म्हटलं की आपल्याला १७६१ आठवतं, पण जुन्या लोकरी कपड्यांच्या धंद्यात पानिपतचं नाव वेगळ्याच कारणासाठी घेतलं जातं. परदेशातून कांडल्याच्या बंदरात उतरलेले, पुन्हा घालता येऊ नयेत म्हणून मुद्दाम फाडलेले कपडे तिथं येतात. ओळीनं बसलेल्या बायका पात्यांवर त्यांची बटणं, चेन, लेबलं काढतात आणि रंगांप्रमाणे ढीग लावतात. लालातून लाल सूत निघतं, निळ्यातून निळं, म्हणजे पुन्हा रंगवण्याचा खर्च आणि पाणी बरंचसं वाचतं. मग कपडे पिंजून तंतू सुटे करायचे आणि पुन्हा सूत काढायचं. त्याला शॉडी म्हणतात. इंग्लंडमधल्या यॉर्कशरच्या बॅटली गावात बेंजामिन लॉ यांनी १८१३ साली ही रीत काढली असं मानलं जातं. पूर-भूकंपानंतर वाटली जाणारी स्वस्त ब्लँकेटं बरीचशी याच सुताची. पण पिंजताना तंतू तुटून आखूड होतात, म्हणून शॉडीचं कापड भरड आणि कमजोर असतं. घरी कात्री आणि सुई चालवली तर धागा अखंड राहतो. माझ्या मते जुन्या स्वेटरचा याहून चांगला उपयोग एकच, तो म्हणजे धड असेल तर तसाच कुणाला तरी घालायला देणं. धडका स्वेटर केवळ रंगासाठी कापू नये.

हातानं विणलेल्या स्वेटरलाही कात्री लावू नये, असं मी तरी मानते. तो उलगडावा. बाजूच्या शिवणी उसवून, शेवटी बंद केलेल्या टाक्यांपासून धागा ओढत गेलं की अखंड लोकर निघते. ती कुरळी झालेली असते. खुर्चीच्या पाठीवर लड गुंडाळून, चार ठिकाणी सैल बांधून, कोमट पाण्यातून काढून वाळत टांगली की सरळ होते. पूर्वी मुलं वाढली की घरोघरी हेच व्हायचं. कारखान्यातल्या सगळ्याच स्वेटरांना हे जमत नाही. बाजूची शिवण आतून इंटरलॉक केलेली दिसली, तर तो थानातून कापलेला आहे आणि त्यातून हातभर लांबीचे सुटे तुकडेच निघतील. असेच स्वेटर आपल्या जाकिटाला घ्यायचे.

कापण्याआधी सगळे स्वेटर धुवा. रिठ्याचं पाणी किंवा लोकरीसाठी मिळणारा ईझीसारखा सौम्य द्रव, पाणी गार, पिळायचं नाही. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सावलीत आडवं पसरायचं. जुन्या बाजारातून आणलेल्या लोकरी स्वेटरात कसर असण्याची भीती असते, म्हणून तो आधी प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करून आठवडाभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि मगच घरातल्या कपड्यांत मिसळा.

आता रंग. आपल्याकडे रंगांची नावं नुसती म्हटली तरी जुळणी सुचते: डाळिंबी, अंजिरी, आमसुली, विटकरी हे एक घराणं; मोरपिशी, चिंतामणी, शेवाळी, पोपटी हे दुसरं. एका घराण्यातले चार-पाच घ्या आणि परक्या घराण्यातला एकच आणा. डाळिंबी-अंजिरी-आमसुलीमध्ये एक पट्टी हळदीची आली की बाकीचे सगळे उजळतात. दोन परके आले की भांडण. गडद-फिकट यांचा तोल डोळ्यांना फसवतो, म्हणून तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर फोटो काढा आणि तो काळा-पांढरा करून बघा. सगळं एकाच करड्या रंगाचं दिसलं तर मांडणी बेचव आहे. एखादा तुकडा भोकासारखा पांढरा दिसला तर तो जागा बदलून खाली, घेराजवळ न्या. नक्षीचा स्वेटर असेल तर एकच आणि तोही दोन साध्या रंगांच्या मध्ये. वरून मणी, टिकल्या, फुलं चिकटवायचा मोह टाळा. विणीचा पोत हाच या कपड्याचा दागिना आहे.

बेतणं

उदाहरणाला छाती ३६ इंच धरू. वरच्या भागासाठी अंगाला नीट बसणारा, पण आत कुर्ता मावेल असा स्वेटर घ्या. तो घालून आरशासमोर उभं राहा आणि कंबर जिथं आत जाते तिच्या एक इंच वर साबणाच्या चिपटीनं खूण करा. खडू विणीवर उमटत नाही, साबण उमटतो. एक इंच वर अशासाठी की कळ्या जोडल्यावर वजनानं हा भाग खाली येणारच. स्वेटर काढून सपाट पसरा, अजिबात न ताणता, आणि खुणेवर सरळ कापा.

बाह्या कापताना मुंढ्याची मूळ शिवण उसवू नका. शिवणीच्या बाहीकडच्या बाजूला तीन सूत कापड ठेवून बाही काढून टाका, उरलेली ती माया शिवणीवरून आत दुमडा आणि हातानं बारीक तुरपाई करा. मूळ शिवण जागेवर राहिल्यामुळे मुंढा ताणून मोठा होत नाही. खांद्याच्या शिवणीत आतून पट्टी नसेल तर अर्ध्या इंचाची सुती नाडी तिथं शिवून टाका. जाकिटाचं सगळं ओझं त्या दोन नाड्यांवर आहे.

आणि त्या कापलेल्या बाह्या जपून ठेवा, कारण या सगळ्या प्रकरणातली मेख तिथं आहे. बाहीची काखेखालची शिवण कापून ती उघडली की काय दिसतं? मनगटाशी अरुंद, काखेकडे रुंद होत जाणारा तुकडा. ती जवळजवळ तयार कळीच आहे, फक्त उलटी टांगायची: मनगट कमरेला, काख घेराला. मनगटाची जाड पट्टी कापून काढल्यावरही साध्या मोठ्या स्वेटरच्या बाहीतून १५ इंचांची कळी निघते. चार स्वेटरच्या आठ बाह्या म्हणजे आठ कळ्या, आणि त्या चारही स्वेटरांची धडं इतर कामांना मोकळी. विणीची उभी रेघ उभीच राहते, त्यामुळे ताणही योग्य दिशेनं, म्हणजे अंगाभोवती, मिळतो. बाहीवर हरणं, झाडं अशी चित्रं असतील तर ती डोक्यावर उभी राहतील. तेवढी बाही टाळा.

कळीचं माप असं काढा. वरच्या भागाची कापलेली कड सपाट १७ इंच असेल तर गोल ३४. त्याला आठनं भागलं की सव्वाचार इंच. दोन्ही बाजूंना तीन-तीन सूत माया, म्हणजे पाऊण इंच. कळी वरून पाच इंच. खाली नऊ इंच ठेवली तर शिवल्यावर घेर सुमारे ६६ इंच येतो. तो चालताना हलतो, पण रिक्षात बसताना गोळा होत नाही. याहून मोठा घेर हवा असेल तर कळ्यांची संख्या वाढवा. एकेक कळी रुंद करायला गेलात तर तिची टोकं लोंबतात. उंची जास्त हवी असेल तर कळीच्या वरच्या बाजूला दुसऱ्या रंगाचा तुकडा जोडून मग कळीचा आकार कापा. वर्तमानपत्राचा एक कागदी नमुना करा, त्यावर दोन वाट्या वजनाला ठेवा आणि कात्री फिरवा. पिनांनी वीण ओढली जाते. कापल्यावर कडा गुंडाळायला लागतील, त्यांना घाबरू नका. कापलेली वीण लगेच उसवत सुटते ही भीती बरीचशी फुकाची आहे. बारीक विणीचा तुकडा न ओढता ठेवला तर दोन दिवस तसाच राहतो.

शिवणं

सुई बॉलपॉइंटची, १४ नंबरची. साधी टोकदार सुई विणीचा धागा तोडते, आणि ते भोक शिवताना दिसत नाही, पहिल्या धुण्यात दिसतं. दोरा पॉलिएस्टरचा; सुती दोरा ताण आला की तुटतो. मशीनच्या पायाचा दाब कमी करा. झिगझॅग येत असेल तर रुंदी दोन, लांबी अडीच. आधी कात्रणांवर टीप मारून ती ताणून बघा: दोरा तडकला तर रुंदी वाढवा, शिवण लहरींसारखी पसरली तर दाब आणखी कमी करा. तरीही पसरत असेल तर कापडाखाली वर्तमानपत्राची पट्टी धरून शिवा आणि नंतर फाडून काढा.

घरात आईची काळी, पायाची उषा असेल आणि तिच्यावर सरळ टीपच येत असेल, तरी काम अडत नाही. टाका मोठा ठेवा, वरचं टेन्शन थोडं सैल करा आणि शिवताना कापड पुढून-मागून दोन्ही हातांनी किंचित ताणून धरा. सगळ्या शिवणी अशा झाल्या की जवळच्या फॉल-पिकोवाल्याकडे इंटरलॉक करून घ्या. त्याला दोन गोष्टी बजावून सांगा: कापड ओढायचं नाही आणि चाकूनं कडेचे फक्त सुटे धागे कापायचे. नाहीतर तो सवयीनं तुमची सगळी माया उडवतो. हे लोक दिवसभर ब्लाउज आणि साड्या करतात. स्वेटर पुढं केला की आधी ‘होणार नाही’ म्हणतात. कात्रण घेऊन जा, त्यावर मारून दाखवा म्हणा, मग होतं.

इंटरलॉकचा दोरा मुद्दाम उठून दिसणारा घ्यायचा आणि शिवण बाहेरच्या बाजूला ठेवायची, हाही एक झकास प्रकार आहे. सगळ्या कळ्यांमधून एकाच रंगाची रेघ वरून खाली धावते आणि पाच वेगळ्या स्वेटरांचं एक कापड झाल्यासारखं वाटतं. तसं करायचं असेल तर कळ्या उलटीला उलटी लावून जोडा.

कळ्या आधी दोन-दोन जोडा, मग चार-चार, मग दोन्ही अर्धी एकत्र. पिनांऐवजी कपडे वाळत घालायचे चिमटे लावा. आठ कळ्यांना सात शिवणी येतील, पुढची बाजू मोकळी राहील.

आता वरचा भाग पुढून उघडायचा. स्वेटर बंद गळ्याचा असेल तर छातीच्या मधोमध सरळ खाली जाणारी विणीची एकच उभी ओळ पकडा आणि तिच्यात रंगीत धावदोरा घाला. त्याच्या दोन्ही बाजूंना सूतभर अंतरावर मशीनच्या दोन-दोन टिपा मारा, आणि मगच मधून कात्री चालवा. कात्री त्या ओळीतून हलली नाही तर एकही टाका सुटत नाही. यानंतर कळ्यांचा घेर वरच्या भागाला जोडा. जोडताना शिवणीत अर्ध्या इंचाची सुती पट्टी धरा, नाहीतर कंबर महिन्याभरात दोन इंच वाढेल.

पुढच्या दोन्ही कडांना पट्टी लागतेच. इथं मला खण आवडतो. गुळेदगुड्डचा सुती खण रंगानं स्वेटरच्या तोडीस तोड असतो आणि अजिबात ताणला जात नाही. खण आधी दोन-तीनदा धुऊन घ्या. रंग सुटतच राहिला तर वापरू नका. अडीच इंच रुंदीच्या पट्ट्या कापा. लांबी ठरवताना जाकिटाची पुढची कड मोजू नका, ती हाताळून ताणलेली असते. पाठीच्या मध्यावर, पुढच्या गळ्याच्या पातळीपासून खालपर्यंतची उंची मोजा आणि पट्टी तेवढीच घ्या. कडेचं जादा कापड पट्टीत सारखं वाटून बसवलं की पुढची बाजू सरळ पडते. काज-बटणं करायची तर त्या पट्टीवरच, स्वेटरच्या विणीवर नाही. तीन मोठी बटणं पुरतात, कमरेच्या वरच.

एवढं झालं की जाकीट हँगरला अडकवून दोन दिवस विसरून जा. कळ्या आपापल्या वजनानं उतरतात, कुणी जास्त, कुणी कमी. त्यानंतर कुणाला तरी घालून उभं करा, जमिनीपासून फूटपट्टीनं सारखं अंतर घेत खुणा करा आणि खालची कड तेव्हा कापा. कडेला दुमड घालू नका, जाड होते. इंटरलॉक करा, किंवा झिगझॅग मारताना कापड भरपूर ताणा, म्हणजे कोबीच्या पानासारखी झालर पडते.

बाह्यांनी जाकीट झालं, पण चार स्वेटरांची धडं अजून शिल्लक आहेत. घरात तान्हं मूल असेल तर एका धडाच्या पाठीतून कुंची निघते. १६ इंच रुंद, २० इंच उंच तुकडा घ्या, रुंदीच्या बाजूनं मधोमध घडी घाला आणि वरची कड शिवून टाका. तो डोक्याचा भाग. मानेशी मागं दोन-तीन चुण्या घाला, खालचा भाग पाठीवर मोकळा. हे माप दोन-तीन महिन्यांच्या बाळाचं आहे, डोक्याचा घेर मोजून कमी-जास्त करा. पूर्वीसारख्या लांब नाड्या लावू नका. हनुवटीखाली आखूड पट्टी आणि एक प्रेस बटण पुरे, आणि बाळ झोपलं की कुंची काढून ठेवा. मनगटाच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या मोठ्या भावंडाच्या पायजम्याला खाली जोडल्या की थंडीत पाय झाकलेले राहतात.

अ‍ॅक्रिलिकचं जाकीट घालून गॅसपाशी वावरताना पुढची बटणं लावलेली असू द्या. सैल घेर आणि वितळणारा धागा ही जोडी ज्योतीजवळ चांगली नाही. स्वयंपाकाला उभं राहताना ते काढूनच ठेवलं तर उत्तम.

धुणं क्वचितच लागतं. वाऱ्यावर टाकलं तरी चार-पाच वेळा चालतं. धुतल्यावर दोरीवर टांगू नका, कळ्या पाण्याच्या वजनानं हातभर लांब होतील. थंडी संपल्यावर घडी घालून सुती पिशवीत ठेवा. लोकरीचं असेल तर सोबत वाळलेला कडुनिंबाचा पाला आणि वर्षातून दोनदा ऊन. डांबरगोळ्या घालणार असाल तर कुंची त्या पिशवीत ठेवू नका. त्यांची वाफ तान्ह्या मुलांना बाधते.

उरलेली कात्रणं फेकू नका. बारीक कापून उशीत भरा, एकट्या अ‍ॅक्रिलिकची उशी चक्क मशीनमध्ये धुता येते. लोकरीची कात्रणं वेगळी ठेवा आणि आटवलेल्या तुकड्याच्या छोट्या पिशवीत ठासून भरा; पुढचं जाकीट शिवताना पिना-सुया टोचून ठेवायला ती होईल.